जाळीबाई आणि चढ्या मासा

शहराच्या पाणीपुरवठा केंद्रात तिच्या हुद्द्याचं कागदावरचं नाव होतं ‘सहायक स्वच्छता कर्मचारी, जाळी विभाग’. त्या विभागात ती एकटीच होती. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाची जीभ रिकामी होती? सगळे तिला जाळीबाई म्हणायचे. तिला त्याचं काही वाटत नसे. “ही जाळी आहे म्हणून तुमच्या नळाला पाणी येतं, नाहीतर पाला आला असता,” एवढं ऐकवायची आणि गमबूट चढवून कामाला लागायची.

काम सांगायला सोपं होतं. नदी डोंगरातून धावत खाली यायची. केंद्राच्या भिंतीपाशी तिच्यातलं थोडं पाणी एका रुंद तोंडातून आत वळवलेलं होतं. त्या तोंडाशी आधी जाड लोखंडी गज, मग बारीक तारेची जाळी. गजांना ओंडके आणि फांद्या अडकत. जाळीला पाला, शेवाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मासे. लांब दांड्याच्या दाताळ्यानं हे सगळं वर ओढायचं, टोपल्यांत भरायचं आणि किती टोपल्या निघाल्या ते नोंदवहीत लिहायचं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. एकोणीस वर्षं ती हे करत होती, आणि एकोणीस वर्षांत जाळी तुंबली म्हणून पंप बंद पडला असं एकदाही झालं नव्हतं.

नोंदवहीत शेवटी ‘इतर’ नावाचा एक रकाना होता. तिच्या आधीचा माणूस त्यात सरळ रेघ ओढायचा. जाळीबाई त्यात मासे लिहायची. जिवंत असेल तो बादलीतून परत नदीत सोडायची, मेलेला असेल तो मोजायची. कोणी तसं सांगितलं नव्हतं आणि कोणी ते वाचतही नव्हतं. “रकाना मोकळा राहिला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं,” असं तिचं म्हणणं.

जाळीला सगळ्यांत जास्त सापडायचा तो चिकट्या. बोटाएवढा, मातकट रंगाचा, हनुवटीखाली बटणासारखी गोल चकती असलेला मासा. ती चकती दगडाला लावली की पाण्याला कितीही ओढ असू दे, गडी जागचा हलत नसे. खायला उपयोगाचा नाही, दिसायला देखणा नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघायला जात नसे.

एकदा पंप दुरुस्तीसाठी दिवसभर बंद होता. आतल्या बाजूचं पाणी कंबरभर उतरलं आणि उघड्या पडलेल्या भिंतीवरून नुसती ओल झिरपत राहिली. जाळीबाई गजांना रंग लावत होती. सहज मान वर केली तर भिंतीवर, पाण्याच्या चांगलं हातभर वर, सात-आठ चिकटे. अडकलेत बिचारे, असं वाटून ती बादली घेऊन पुढे झाली. तेवढ्यात त्यांतल्या एकानं अंग वळवळवलं आणि अर्धा इंच वर सरकला. थांबला. दम खाल्ल्यासारखं केलं. पुन्हा अर्धा इंच. ती ब्रश हातात धरून तशीच उभी राहिली. तासाभरात ते सगळेच्या सगळे उभी भिंत चढून वरच्या फटीतून नदीत पसार झाले. आणि खाली पाण्यात, त्याच भिंतीला चिकटलेले वीसेक मासे ढिम्म होते. एकानंही चढायचं नाव घेतलं नाही.

“मग हे तेच कसे?” ती स्वतःशीच म्हणाली. ब्रशवरचा रंग तोवर वाळून गेला होता.

त्या दिवसापासून नोंदवहीत दोन आकडे यायला लागले. चिकटे अकरा, चढे तीन. ‘चढ्या’ हे नाव तिनंच ठेवलं. मेल्यावर कोण चढणार, तेव्हा वेगळी खूण शोधावी लागली, आणि ती शेपटीत सापडली. चिकट्याच्या शेपटीला मधोमध खाच होती. चढ्याची शेपटी कात्रीनं सरळ कापल्यासारखी. पण जाळीवर आपटून शेपट्या फाटत, तेव्हा दर चौथ्या माशाला तिची पंचाईत व्हायची, आणि अशा वेळी ती प्रामाणिकपणे प्रश्नचिन्ह काढायची.

हे असं सहा वर्षं चाललं. मग केंद्राच्या वरच्या अंगाला नवा उंच बंधारा बांधायचं ठरलं, आणि बांधायच्या आधी नदीत काय काय जगतं त्याची यादी करायला मत्स्य खात्याचा एक तपासनीस आला.

तपासनीस वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. महिन्याभरात अकरा नद्या उरकायच्या होत्या, एवढंच. त्यानं दोन दिवस नदीत जाळं टाकलं, मासे पांढऱ्या ट्रेमध्ये मांडले आणि भराभर लिहीत सुटला. जाळीबाई चहा घेऊन गेली आणि ट्रेकडे बघत तिथंच रेंगाळली.

“साहेब, हा आणि हा, दोन्ही एकच लिहिलेत?”

“चिकट्या. सगळीकडे असतो.”

“यांतला एक चढ्या आहे. वेगळी जात आहे ती.”

तपासनिसानं चष्म्यावरून पाहिलं. “बाई, एक नर आहे आणि एक मादी. माशांत असा फरक असतोच.”

“मी सहा वर्षं बघतेय, साहेब.”

“आणि मी बावीस वर्षं बघतोय,” तो हसून म्हणाला. चहा प्यायला, कप छान धुऊन परत दिला आणि गेला. यादीत एकच ओळ राहिली: चिकट्या, सर्वत्र आढळणारा, बंधाऱ्यामुळे धोका नाही.

त्या दिवशी ती घरी आली ती धुसफुसतच. घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. पुढे नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, मागे ही दोघं आणि सासूबाई. नवरा एका डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरून बसला होता. हिनं सगळी हकिकत सांगितली. त्यानं मान वर न करता विचारलं, “नर-मादी आहेत की नाहीत, हे बघता येत नाही का?”

“येतं की!” ती म्हणाली आणि दारातच थबकली. एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचू नये!

दुसऱ्या दिवशी जाळीवर मेलेले मासे सापडले ते तिनं फेकले नाहीत. पत्र्यावर मांडले आणि ब्लेडनं पोटं उघडली. चिकट्यात गाबोळी निघाली. दुसऱ्या चिकट्यात पांढरं दूध. म्हणजे चिकट्यात नर होता आणि मादीही. मग चढे. पहिल्या दोघांत काहीच कळेना. तिसऱ्याचं पोट उघडलं आणि मोहरीएवढ्या पिवळ्याधमक अंड्यांची गाबोळी बाहेर आली. चौथ्यात दूध.

“अहो पंपवाले!” ती तिथूनच ओरडली. “चढ्याला बायको आहे! स्वतःच्या जातीतली!”

पंप चालवणाऱ्याला काही कळलं नाही, पण त्यानं अभिनंदन केलं.

तिनं तपासनिसाला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मग वयाचा फरक असेल. लहानपणी शेपटी सरळ, मोठेपणी खाच पडते. तुम्ही सोडून द्या ना, बाई.”

सोडून देईल ती जाळीबाई कसली? पंपघराच्या मागे सिमेंटच्या दोन जुन्या टाक्या पडून होत्या. ती केंद्राच्या अभियंत्याकडे गेली आणि त्या मागितल्या. अभियंता दिलखुलास माणूस. “मत्स्यालय काढताय की काय? तिकीट लावणार का?” असं विचारत त्यानं परवानगी दिली आणि पंपाचं जास्तीचं पाणी टाक्यांतून खळाळत फिरेल अशी नळाची जोडणीही करून दिली. एकीत तिनं नखाएवढे चिकटे सोडले, दुसरीत नखाएवढे चढे.

तिसऱ्या दिवशी चढ्यांची टाकी रिकामी होती. पोरं भिंत चढून नाल्यातून नदीला मिळाली होती. शेजारच्या टाकीत मात्र झाडून सगळे हजर. जाळीबाई कपाळाला हात लावून बसली आणि मग पोट धरून हसली. पुन्हा मासे आणले, वर जाळीचं झाकण बसवलं. सकाळी बघावं तर चढे झाकणाला खालून चिकटलेले! तेरा महिने तिनं ते दोन संसार सांभाळले. मासे बोटाएवढे झाले. खाच होती तिथं खाच राहिली, सरळ होती तिथं सरळ. एकही इकडचा तिकडे झाला नाही.

आता तिची स्वतःची खात्री पटली होती. पण फाटक्या शेपट्यांचं कोडं तसंच होतं, आणि त्यातून तिला बाहेर काढलं सासूबाईंनी.

सासूबाई शिवणकाम करणाऱ्या. पन्नास वर्षं मशीन चालवलेलं, आता कान गेलेले, डोळे अर्धे गेलेले, जीभ शाबूत. सून रात्रीच्या जेवणाआधी ताटलीत दोन मासे घेऊन दिव्याखाली उलटसुलट करत बसलेली त्यांना दिसली.

“इतकं काय डोळे फोडून बघतेस?” त्या म्हणाल्या. “डोळे मीट आणि हात लाव. मला आयुष्यात कापड डोळ्यांनी कधी कळलं नाही.”

“मासा आहे तो, आई! कापड नव्हे!”

“काय?”

“मासा! मासा!”

“मग मासा तर मासा. त्यालाही अस्तर असेलच की!”

जाळीबाईनं डोळे मिटले. ओल्या अंगठ्यानं एकाच्या छातीवरून, पोटाकडून चकतीकडे हलकेच घासलं. गुळगुळीत. दुसऱ्याच्या छातीवरून घासलं आणि अंगठा अडला. मांजराच्या जिभेसारखं बारीक खरखरीत काहीतरी. तिनं पुन्हा घासलं. मग दोन्ही मासे पाठीमागे नेऊन अदलाबदल केले, आणि पुन्हा. दहा वेळा केलं, दहाही वेळा कळलं. तिनं सासूबाईंचा हात ओढून घेतला. त्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे अंगठा फिरवला आणि निकाल दिला, “हे मलमल, हे खादी. यात शिकायचं काय?”

नवऱ्यानं भिंगाखाली पाहिलं. चढ्याच्या छातीवर टाचणीच्या टोकाएवढे खवले होते, प्रत्येकाला मागे वळलेला सूक्ष्म दात. चढताना खाली घसरू न देणारे दात! चिकट्याची छाती उघडी. तो भिंग काढायलाच तयार नव्हता. “घड्याळात अगदी असंच चाक असतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. “एकाच बाजूला फिरू देतं. मागे येऊच देत नाही.”

त्या दिवसापासून घड्याळजीला बायकोपेक्षा जास्त वेड लागलं. बुधवारी दुपारी दुकान बंद, मासे चालू. बारीक चाकांचे दात मोजण्यात जन्म गेलेला माणूस. त्यानं अंगावरच्या मधल्या रेघेवरचे खवले मोजायला घेतले. चिकट्याचे तेहतीस-चौतीस, चढ्याचे सदतीस-अडतीस. नियम असा की दोघांनी वेगवेगळं मोजायचं, वेगवेगळ्या कागदावर लिहायचं आणि मगच ताडून बघायचं. जमलं नाही तर पुन्हा. एका माशावरून तर दोन दिवस अबोला झाला. शेवटी त्याच्या अंगावरचा एक खवला गळालेला निघाला आणि दोघंही अर्धेअर्धे बरोबर ठरले. असे चाळीस चिकटे आणि चाळीस चढे मोजून, स्पिरिटच्या बाटल्यांत भरून, चिठ्ठ्या लावून झाले.

मग तिनं प्राण्यांचे नमुने बाटल्यांत जपणाऱ्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. तिथल्या माशांच्या विभागाच्या प्रमुख मॅडम फार कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. उत्तर आलं ते दीड ओळीचं. ‘मासे घेऊन या. तुमची ती नोंदवहीही आणा.’

मांडीवर बाटल्या आणि पिशवीत सात नोंदवह्या घेऊन जाळीबाई चार तास बसनं गेली. मॅडम पांढऱ्या केसांच्या, किरकोळ अंगाच्या. चारी भिंतींना बाटल्यांची कपाटं, मध्ये एक लांब टेबल. त्यांनी बाटल्यांकडे पाहिलंच नाही. नोंदवह्या उघडल्या आणि दोन तास वाचत बसल्या. जाळीबाईला पाणी हवं होतं, पण मागायचा धीर होईना.

“ही प्रश्नचिन्हं कसली?” मॅडमनी अखेर विचारलं.

“जिथं मला कळलं नाही तिथं.”

मॅडमनी वही मिटली. “आमच्याकडे लोक येतात ना, त्यांच्या कागदांत एकही प्रश्नचिन्ह नसतं. दाखवा तुमचे मासे.”

पुढचे दहा दिवस मॅडमनी त्या ऐंशी माशांचे एक्स-रे काढले, पाठीचे मणके मोजले, पाच देशांतली जुनी पुस्तकं उलथीपालथी केली. मग जाळीबाईला फोन आला. “माझी खात्री झाली आहे. पण बंधाऱ्याची बैठक पाच आठवड्यांवर आहे आणि यादीवर सही तपासनिसांची आहे. मी त्यांना बोलावलं आहे. त्यांना पटलं तर काम होईल. तुम्ही या.”

तपासनीस आला. त्यानं मॅडमचे कागद नीट वाचले आणि मान हलवली. “मॅडम, मणक्यांचा फरक मलाही दिसतो. पण प्रश्न असा आहे की बाहेरून ओळखता न येणारी जात घेऊन मी काय करू? नदीवर उभा असलेला माणूस एक्स-रे कुठून आणणार? बाई म्हणतात त्यांना हातानं कळतं. मग कळू दे. साठ मासे मी आणतो. एक्स-रे तुम्ही आधी काढा, नंबर बांधा, कागद बंद पाकिटात ठेवा. बाईंनी वेगळे करून दाखवावेत.”

“चालेल,” जाळीबाई म्हणाली. मॅडमनी तिच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

परीक्षेच्या दिवशी टेबलावर मोठा ट्रे होता. त्यात साठ मासे, स्पिरिटमध्ये राहून पांढरेफटक आणि लाकडासारखे ताठ. प्रत्येकाच्या कल्ल्यातून दोरा आणि दोऱ्याला नंबर. शेपट्या सगळ्यांच्या कापलेल्या! तपासनीस म्हणाला, “शेपटीचं तुम्ही फोनवर सांगितलं होतंत. म्हणून काढल्या.”

जाळीबाईनं पहिला मासा उचलला, छातीवरून अंगठा फिरवला. काहीच कळत नव्हतं. कातडी आवळलेली, सगळंच खरखरीत. दुसरा उचलला, तेच. घड्याळजी दाराशी उभा होता. त्याला आत बोलायला बंदी होती. त्याच्या चेहऱ्याकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

मग तिनं मॅडमना विचारलं, “पाणी मिळेल? साधं. घमेलंभर.”

“त्यानं काय होईल?” तपासनिसानं विचारलं.

“भिजतील. मी कोरडा मासा कधी हातात धरलेला नाही, साहेब.”

मॅडमनी तपासनिसाकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. पाणी आलं. साठही मासे पाण्यात पडले आणि सगळे अर्धा तास चहा पीत बसले. जाळीबाईनं चहाला हात लावला नाही. तिनं स्वतःचे दोन्ही अंगठे त्याच पाण्यात बुडवून ठेवले होते.

अर्ध्या तासानं तिनं डोळे मिटले आणि पहिला मासा घेतला. अंगठा फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. तोंडावर हसू उमटलं ते कोणी न सांगता सगळ्यांना दिसलं. “चढ्या,” म्हणून तिनं तो उजवीकडे ठेवला. पुढचा डावीकडे. पुढचा डावीकडे. मग हात असा काही चालायला लागला, की मॅडमना नंबर लिहून घेताना दम लागला. उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे.

एकविसाव्या माशाला हात थांबला. तिनं तो दोनदा तपासला, कपाळाला आठी पडली, आणि तो कोणत्याच ढिगात न टाकता समोर ठेवला. पुढे पुन्हा वेग आला. चौतिसावा समोर. मग आणखी दोन. शेवटचा मासा उजवीकडे ठेवून तिनं डोळे उघडले. तीन ढीग होते.

“हे मधले चार?” तपासनिसानं विचारलं. त्याचा आवाज जरा बदलला होता.

“हे दोन्हींतले नाहीत.”

“बाई, दोनच जाती आहेत असं तुमचंच म्हणणं ना?”

“आमच्या नदीत दोनच आहेत. हे चार आमच्या नदीतले नाहीत, साहेब.” तिनं त्यातला एक उचलला. “छातीवर दाते आहेत, पण उलट्या अंगाला वळलेले. चकतीची कड जाड आहे. हा मासा मी कधी बघितलेला नाही. एकोणीस वर्षांत एकदाही जाळीला आलेला नाही.”

घड्याळजीनं दाराच्या चौकटीला धरलं. मॅडमनी पाकीट फोडलं आणि एकेक नंबर वाचायला सुरुवात केली. उजवा ढीग, पंचवीस. सगळे मणक्यांनी चढे. डावा ढीग, एकतीस. सगळे चिकटे. मग मधले चार. मॅडम थांबल्या, कागद डोळ्यांजवळ नेला. “यांचे मणके दोघांपेक्षाही कमी आहेत. मला वाटलं होतं माझंच मोजताना चुकलं. हे आणलेत कुठून?”

तपासनीस उभा राहिला. बावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस, शाळेत उभं केल्यासारखा दोन्ही हात टेबलावर टेकवून उभा राहिला.

“डोंगरापलीकडच्या नदीतून,” तो म्हणाला. “मी मुद्दाम घातले. तिथला चिकट्या म्हणजे इथलाच चिकट्या, असं मीच यादीत लिहिलंय. वाटलं, बाई यातले काही इकडे टाकतील, काही तिकडे, आणि सिद्ध होईल की हा नुसता अंदाज आहे.” त्यानं चष्मा काढून पुसला. “म्हणजे माझ्या दोन याद्या चुकल्या. एक नाही.”

मग त्यानं बॅगेतून बंधाऱ्याची यादी काढली, तिच्यासमोर ठेवली, स्वतःची ओळ लाल शाईनं खोडली आणि विचारलं, “चढ्या लिहू ना? तुमचंच नाव आहे ते.”

तेव्हा मात्र घड्याळजीनं बंदी मोडली. असा काही ओरडला, की वरच्या मजल्यावरचा पहारेकरी धावत खाली आला. कडक मॅडम हसता हसता खुर्चीत बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. जाळीबाई तशीच उभी होती, ओले अंगठे हवेत धरून. मग तिनं गार झालेला चहाचा कप उचलला आणि एका दमात संपवला. इतका गोड चहा आपण कधी प्यायलो नव्हतो, असं ती नंतर सांगायची. त्यात साखर नव्हती, हे तिला घड्याळजीनं सांगितलं.

जात विज्ञानाला नवीन निघाली. शोधनिबंधावर दोन नावं होती, मॅडमचं आणि जाळीबाईचं, आणि तिच्या नावापुढे हुद्दा पुरता छापला होता. माशाला तिचं नाव द्यायचं मॅडमच्या मनात होतं. ती नको म्हणाली. “मी कुठं भिंत चढते? जो चढतो त्याचं कौतुक त्यात आलं पाहिजे.” म्हणून शास्त्रीय नावात चढणारा असाच शब्द बसवला. शेवटी आभार होते एका घड्याळजीचे आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचे. ती ओळ सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवली. “काय?” त्या म्हणाल्या. पुन्हा वाचली. “काय?” तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर घड्याळजी म्हणाला, “आई, तुला पहिल्याच वेळी ऐकू आलंय.” सासूबाई गालातल्या गालात हसल्या.

बैठकीत बंधाऱ्याचा आराखडा बदलला. उभ्या भिंतीनं चढ्याची वरची वाट बंद झाली असती, कारण बंधाऱ्याचा माथा कोरडा राहणार होता आणि ओल नसेल तिथं चढ्याची चकती धरत नाही. आता एका अंगाला खडबडीत दगडांची, घसरगुंडीसारखी उतरती धार ठेवायची आणि तिच्यावरून बारा महिने पाण्याचा पातळ पडदा सोडायचा, असं ठरलं. किती तिरपी ठेवायची, दगड किती खरखरीत हवा, हे सांगायला अभियंत्यानं जाळीबाईलाच नेऊन उभं केलं. ठेकेदाराचे दगड तिनं दोनदा परत पाठवले. दगडावर अंगठा फिरवायची आणि म्हणायची, “हा नको.”

धारेवर पहिल्यांदा पाणी सोडलं त्या सकाळी सगळं केंद्र जमलं होतं. अभियंता, पंपवाला, कार्यालयातल्या बायका, मुद्दाम सुट्टी काढून आलेला तपासनीस. पाऊण तास काही झालं नाही. कोणीतरी घड्याळ बघितलं. कोणीतरी हळूच म्हणालं, मासाच तो, त्याला काय निमंत्रण पाठवलंय? जाळीबाई धारेच्या कडेला पालथी झोपली होती, हनुवटी दगडावर टेकवून.

मग खालच्या फेसातून एक मातकट बोट बाहेर आलं. चिकटलं. वळवळलं. अर्धा इंच वर सरकलं. त्याच्या मागे दुसरं. मग पाच. मग मोजता येईनात इतके; सगळी ओली धार वळवळायला लागली. तपासनीस गुडघ्यांवर बसला. टाळ्या कोणी सुरू केल्या कळलं नाही, पण वाजायला लागल्या त्या थांबेनात. जाळीबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती तोंडभर हसत होती, आणि पंपवाला नीट दिसावं म्हणून अजून पुढे सरकला तेव्हा तिनं पडल्या पडल्याच त्याच्या बुटावर चापट मारली.

“पाय मागे घ्या हो! त्यांचा रस्ता आहे तो!”